डोळ्यांत गेलेली हवा

१९७० साली ‘एक्स्पेरिएन्शिया’ या स्वित्झर्लंडहून निघणाऱ्या विज्ञान-नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख छापून आला. लेखक दोघे, एस. टी. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी. दोघेही औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे लोक. विषय होता हवेतले कण पकडणारं एक नवं यंत्र. चुरचुरणाऱ्या, खाजणाऱ्या, लालबुंद डोळ्यांशी त्या लेखाचा वरकरणी काही संबंध दिसत नाही. तरीही या शहरातल्या डोळ्यांच्या तक्रारींचा इतिहास सांगायचा तर तो लेख टाळून पुढे जाता येत नाही. डोळे खाजू लागले की त्यांत घालायचं काय, हा प्रश्न या प्रदेशाने दोन हजार वर्षं विचारला आणि त्याची शेकडो उत्तरं दिली. टिळकांच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. डोळ्यांत, नाकात रोज जातं काय, ते आधी मोजू या, असं ठरवलं.

विद्यापीठाच्या मागे डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे, वेरूळला आणि अजिंठ्याला राहणारे भिक्षू ज्या विनयाने, म्हणजे संघाच्या नियमांनी, बांधलेले होते, त्या विनयपिटकात डोळ्यांच्या औषधावर चक्क एक प्रकरण रंगलेलं आहे. एका भिक्षूचे डोळे बिघडले, तेव्हा बुद्धाने अंजन घालायला परवानगी दिली. काळं अंजन, रसांजन, स्रोतांजन, गेरू आणि दिव्याची काजळी, अशी पाच नावं तिथे येतात. अंजन वाटताना त्यात चंदन, तगर, नागरमोथा मिसळायलाही हरकत नव्हती. पुढे काही भिक्षू सोन्याचांदीच्या अंजनदाण्या बाळगू लागले आणि लोक कुरकुरले, संसारी माणसांसारखी ही चैन कशाला! मग नियम झाला की डबी हाडाची, शिंगाची, हस्तिदंताची, बांबूची, लाकडाची, लाखेची, तांब्याची किंवा शंखाची चालेल; सोन्याची नको. अंजन घालायच्या सळईलाही तोच नियम. महाराष्ट्रातल्या सातवाहनकाळच्या वसाहती खणताना तांब्याच्या अशा सळया हाती लागतात, तेव्हा त्या नटण्यासाठी होत्या की औषधासाठी, हे ठरवणं अवघड जातं. बहुधा त्या काळच्या माणसाला हा प्रश्नच पडला नसता.

सुश्रुताचं उत्तरतंत्र डोळ्यांपासूनच सुरू होतं. त्यात नेत्ररोग मोजले आहेत शहात्तर, आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात ‘अभिष्यंदा’तून, म्हणजे लाल होऊन गळणाऱ्या डोळ्यातून होते, असं म्हटलं आहे. कारणांची यादी आजच्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला ओळखीची वाटेल. धूळ आणि धूर त्या यादीत आहेत. उन्हातून तापून येऊन एकदम थंड पाण्यात शिरणं आहे, झोपेची आबाळ आहे, रडणं आणि रडू दाबणं दोन्ही आहे. निदानस्थानात तर आणखी पुढची गोष्ट सापडते. संपर्काने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे रोग सांगताना कुष्ठ, ज्वर, क्षय यांच्या पंगतीत सुश्रुताने नेत्राभिष्यंद बसवला आहे. एका आसनावर बसणं, एकमेकांची वस्त्रं नि माळा वापरणं ही त्याची वाट सांगितली आहे. डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल वापरू नका, हा सल्ला इतका जुना आहे.

उपचारांमध्येही भेद केलेला होता. डोळ्यांवर औषधाची धार धरणं वेगळं, थेंब टाकणं वेगळं, सळईने अंजन फिरवणं वेगळं. तर्पणाची रीत तर आजही आयुर्वेदिक रुग्णालयांत पाहायला मिळते. रुग्णाला उताणं झोपवतात, डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचा बोटभर उंच बांध घालतात आणि त्या आळ्यात कोमट औषधी तूप ओततात. माणूस तुपाखाली डोळ्यांची उघडझाप करत पडून राहतो. कोरड्या पडलेल्या डोळ्यांना याने बरं वाटतं, हे पटायला सिद्धान्ताची गरज नाही. रसांजनाची गोष्ट आणखी रंजक आहे. दारुहळदीचा काढा आटवायचा, त्यात दूध घालून पुन्हा घट्ट होईपर्यंत आटवायचा, की रसांजन तयार. दारुहळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे बर्बरिन. १९८२ साली भारतात खुपऱ्यांच्या रुग्णांवर बर्बरिनचे थेंब त्या वेळच्या नेहमीच्या सल्फासिटामाइडशी ताडून पाहिले गेले, आणि वैद्यांचं हे जुनं औषध त्या चाचणीत अगदीच टाकाऊ ठरलं नाही.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाने १६५३ मध्ये तिला आपलं नाव दिलं, आणि दख्खनच्या सुभ्याचं हे ठाणं घोडे, उंट, बैल आणि माणसांनी भरून गेलं. मोगल लष्कराबरोबर हकीम आले. युरोपी वैद्यही आले. व्हेनिसचा निकोलाव मनुची शाहजादा शाहआलमच्या पदरी वैद्य म्हणून होता, तो याच दख्खनच्या मुक्कामात. हकिमांच्या विद्येत डोळ्यांचं दालन मोठं होतं. बगदादच्या अली इब्न ईसाने हजार वर्षांपूर्वी केवळ नेत्रवैद्यांसाठी एक ग्रंथ लिहून ठेवला होता. त्याच्याही आधी राझी या हकिमाने एक छोटं टिपण लिहिलं. बल्ख गावचा एक विद्वान, अबू झैद, दर वसंतात गुलाबांचा वास घेतला की सर्दीने बेजार का होतो, याचं. ऋतू आणि फूल यांच्याशी जोडलेल्या त्रासाची ती फार जुनी नोंद म्हणावी लागेल. गंमत अशी की गुलाबाची ही तक्रार नोंदवणाऱ्या परंपरेचेच हकीम जळजळणाऱ्या डोळ्यांत गुलाबपाणी टाकायला सांगत, आणि औरंगाबादच्या जुन्या मोहल्ल्यांतून ते हिंदू-मुसलमान सगळ्याच घरांत पोचलं. फूल सोसत नाही, पण त्याचा अर्क सोसतो. परागकण मागे राहतात, हे कुणी सांगायची वाट लोकांनी पाहिली नाही.

सुरम्याचं मात्र इतकं कौतुक करवत नाही. बाजारात मिळणारा पुष्कळसा सुरमा म्हणजे गॅलिना, शिशाचं सल्फाइड. तो डोळ्यात थंड लागतो, झळाळतो, पण शिसं पोटात जायला पापणीवरून तोंडाशी जाणारं लहान मुलाचं एक बोट पुरतं. घरच्या काजळाचा प्रकार निराळा. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची, धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची. यात शिसं नसतं. पण ते बाळाच्या डोळ्यात घालणारं बोट स्वच्छ असतं का, हा प्रश्न उरतोच, आणि डॉक्टर काजळाला नाही म्हणतात ते बहुतेक त्या बोटामुळे.

बाकी घरोघरीचे उपाय सांगायला बसलं तर रात्र सरेल. बोरिक पावडरचा शेक, त्रिफळ्याचं रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, दुधाच्या घड्या, धण्याचं पाणी, रांजणवाडीला तळहातावर घासून गरम केलेलं बोट. बहुतेक निरुपद्रवी, काही आराम देणारे. धोका असतो तो शेतात. ज्वारीची मळणी सुरू झाली की खळ्यावर कूस उडते. जुन्या पद्धतीने तिवईवर उभं राहून सूप वाऱ्यावर धरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत कोंडा जायचा, काणी पडलेल्या कणसांची काळी भुकटी जायची. डोळे चोळले की लाल होतात, पाणी येतं, संध्याकाळी शमतं. पण कुसळाने किंवा उसाच्या पात्याने बुबुळावर ओरखडा पडला असेल, तर त्या ओरखड्यातून बुरशी शिरते. मग दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढुरका डाग दिसतो. अशा डोळ्यात जो कुणी दूध, मध किंवा मागच्या वर्षीच्या बाटलीतले थेंब टाकतो, तो नजर पणाला लावतो. लाल डोळा खाजत असेल तर थांबायला वेळ असतो. लाल डोळा दुखत असेल आणि दिसणं कमी झालं असेल, तर तो नसतो.

साथीच्या डोळ्यांचा हिशेब वेगळा. १९६९ मध्ये घानात एक नवीच, रक्ताळलेल्या डोळ्यांची साथ उसळली. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष असल्याने लोकांनी तिला ‘अपोलो’ नाव दिलं. १९७१ मध्ये ती भारतात आली, तेव्हा बांगलादेशाचं युद्ध पेटलं होतं आणि निर्वासितांचे लोंढे येत होते. बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. मुंबईत त्या साथीची एक भयंकर बाजू पुढे आली. डोळे बरे झाल्यावर काही आठवड्यांनी काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडत होते. नोशीर वाडिया या मुंबईच्या मज्जारोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखलं आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीच्या आसपास डोळ्यांची आणखी एक साथ सुरू झाली. ती बघता बघता राज्यभर पसरली, शेजारच्या बुलढाण्यात तर तिने कहर केला. ‘डोळे वारंवार स्वच्छ पाण्याने धुवा’ असं प्रत्येक पत्रकात लिहिलेलं होतं. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वसाहतींत ते वाचून लोकांना काय वाटलं असेल, ते पत्रक काढणाऱ्यांना विचारायला हवं.

खुपऱ्या गेल्या, हे मात्र नीट सांगायला हवं. पापण्यांच्या आतून दाणे उठवून, पापणी आत वळवून शेवटी आंधळं करणारा हा जंतुसंसर्ग. एके काळी मोरचुदाची कांडी पापणी उलटून त्यावर घासणं हाच त्याचा इलाज होता, आणि ज्याने तो सोसला तो जन्मभर विसरला नाही. १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, टेट्रासायक्लिनचं मलम गावोगाव गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. पंजाब-राजस्थानइतका हा रोग महाराष्ट्रात माजलेला नव्हता, तरी ‘खुपऱ्या’ म्हटल्यावर आपल्याकडच्या जुन्या माणसांना काही समजावून सांगावं लागत नाही.

साथ नाही, जंतू नाही, ओरखडा नाही, तरी दर वर्षी ठरल्या वेळी डोळे का खाजतात? याचं उत्तर शोधणारी पहिली माणसं स्वतःच रुग्ण होती. १८१९ मध्ये जॉन बॉस्टॉक या इंग्रज डॉक्टरने लंडनच्या वैद्यकसभेत एका रुग्णाची हकिगत वाचली. लहानपणापासून दर जूनमध्ये डोळे लाल होतात, खाजतात, मग शिंका, मग छाती भरते. रुग्ण तो स्वतः होता. आज आपण परागज्वर म्हणतो त्याची ही वैद्यकातली पहिली सविस्तर नोंद, आणि तिची सुरुवात डोळ्यांपासून होते. मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली त्याच्याही पुढे गेला. त्याने गवताचे परागकण स्वतःच्या नाकाडोळ्यांत घालून पाहिले, चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून आकाशात चढवल्या आणि १८७३ मध्ये सिद्ध केलं की दोष उन्हाचा नाही, धुळीचाही नाही, परागकणांचा आहे. त्याच सुमारास कलकत्त्याच्या तुरुंगात डेव्हिड कनिंगहॅम हवेतली धूळ काचेवर पकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. तो कॉलऱ्याचं कारण शोधत होता. ते त्याला हवेत सापडलं नाही, पण बीजाणू आणि परागकण ढिगाने सापडले. भारताच्या हवेचा हा पहिला शास्त्रीय हिशेब. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नूनने परागकणांच्या अर्काची टोचणी देऊन शरीराला सवय लावण्याचा प्रयोग केला. कुणाला किती त्रास होतो ते मोजायला त्याने अर्काचा थेंब डोळ्यात टाकून डोळा लाल होतो का, ते पाहिलं. ॲलर्जीच्या शास्त्रात डोळा असा सुरुवातीपासूनच मोजपट्टी म्हणून वापरला गेला.

आता पुन्हा औरंगाबाद. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. संस्था नवी, पैसा बेताचा. हवेतले कण पकडायला तेव्हा जगभर इंग्लंडच्या हर्स्टने १९५२ मध्ये बनवलेल्या सापळ्याचं नाव घेतलं जाई, पण तो बाहेरून मागवावा लागे. टिळक आणि श्रीनिवासुलू यांनी १९६७ मध्येच औरंगाबादच्या हवेतल्या बीजाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रोजचा, अखंड हिशेब ठेवायला स्वतःचं यंत्र हवं होतं. टिळक-कुलकर्णींनी ते बनवलं, आणि पुढे ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून देशभरच्या प्रयोगशाळांत ते वापरात आलं.

यंत्र दिसायला साधं आहे. पेटीतून एक नळी बाहेर येते. तिच्यातून मिनिटाला पाच लिटर हवा आत ओढली जाते. आत विजेच्या घड्याळाला जोडलेला एक ड्रम संथ फिरतो, आठ दिवसांत एक फेरा. ड्रमवर गुंडाळलेल्या पारदर्शक फितीला पेट्रोलियम जेली लावलेली असते. येणारी हवा त्या फितीवर आदळते आणि तिच्यातलं जे काही असेल ते चिकटून राहतं. आठ दिवसांनी फीत काढायची आणि तिचे सोळा तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा एका दिवसाचा किंवा एका रात्रीचा. मग काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. गवताचा परागकण गोल, एकच छिद्र असलेला. बाभळीचे सोळा-सोळा एकत्र चिकटलेले. गाजरगवताचा बारीक, काटेरी. आणि त्यांच्यामध्ये बुरशीचे बीजाणू, क्लॅडोस्पोरियमचे मातकट हिरवट, अल्टरनेरियाचे आडव्या-उभ्या भिंतींचे, ज्वारीच्या काणीचे काळे गोळे. मोजणाऱ्याचे स्वतःचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे ते वेगळंच.

या फितींवर मराठवाड्याचं शेत उमटत होतं. पिकांवरच्या काणी-तांबेऱ्याचा अंदाज घ्यायला हा हिशेब कामाला येई, तसाच दम्याच्या आणि खाजऱ्या डोळ्यांच्या रुग्णाला. हेच यंत्रतंत्र घेऊन टिळक-कुलकर्णी अजिंठ्यालाही गेले. लेण्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेत काय काय तरंगतं, याची त्यांची नोंद १९७२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. चित्रांवर चढणारी बुरशी आणि माणसाच्या डोळ्यांत जाणारी बुरशी एकाच हवेतून येत होती. टिळकांची ‘एरोबायॉलॉजी’ आणि हवेतल्या परागकणांवरची पुस्तकं १९८० च्या दशकात छापली गेली तीही औरंगाबादच्याच वैजयंती प्रकाशनाकडून. जिल्ह्याच्या गावातल्या प्रकाशकाने असा विषय छापावा, याचं कौतुक फारसं कुणी केलेलं दिसत नाही.

गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५५-५६ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानतात. काही वर्षांतच ते रेल्वेमार्ग, पडीक जमिनी आणि मोकळे प्लॉट व्यापत मराठवाड्यात पोचलं. कातडीला, नाकाला आणि डोळ्यांना त्रास देणारं हे तण सुश्रुताला माहीत नव्हतं, हकिमांनाही नव्हतं. आजीच्या बटव्यात त्याच्यासाठी काही नव्हतं.

औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आलं. त्याचं रुग्णालय म्हणजे सगळ्या मराठवाड्याची ‘घाटी’. तिथल्या नेत्रविभागाची परंपरा सांगताना डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव निघतंच. एमबीबीएस आणि नेत्ररोगातली एमएस या त्यांच्या दोन्ही पदव्या मराठवाडा विद्यापीठाच्या. ते गाजले मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी. ॲलर्जीच्या डोळ्याला असं नाव मिळत नाही, तो ऑपरेशनने बरा होत नाही.

मराठवाड्यासारख्या कोरड्या, उष्ण, धुळीच्या मुलखात या ॲलर्जीचं एक हट्टी रूप शाळकरी वयात दिसतं, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. उन्हाळा लागला की मुलगा डोळे चोळू लागतो. उजेड सोसत नाही, मान खाली घालून बसतो. चिपडं तार सुटावी तशी लांब येतात, डोळ्यांचा पांढरा भाग मातकट दिसू लागतो. पापणी उलटली तर आत फरसबंदीसारखे चपटे उंचवटे. घरचे त्याला रागावतात, चोळू नकोस म्हणून. औषधं आहेत: थंड पाण्याच्या घड्या, ॲलर्जी शमवणारे ओलोपॅटाडिनसारखे थेंब, जास्त त्रास असेल तर सायक्लोस्पोरिन. क्रोमोग्लिकेट हे जुनं औषध रॉजर अल्टुन्यान या दमेकरी डॉक्टरने १९६० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून शोधलं, इजिप्तमधल्या एका वनस्पतीच्या धाग्यावरून. पण सगळ्यांत जलद आराम देतात स्टेरॉइडचे थेंब, आणि गोष्ट बिघडते ती तिथे. डॉक्टरने आठवड्यासाठी लिहून दिलेली बाटली संपली की पालक रिकामी बाटली घेऊन औषधाच्या दुकानात जातात आणि तीच पुन्हा मागतात. दुकानदार देतो. असं वर्ष-दोन वर्षं चालतं. ही खाज बहुतेक मुलांमध्ये वयात आल्यावर ओसरते. तोवर स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदू केला असेल, तर गेलेली नजर परत येत नाही. वैदूचा पाला आणि हकिमाचा सुरमा यांना नावं ठेवणाऱ्या शिकलेल्या घरांतही हे होतं.

कोणत्या महिन्यात कोणते परागकण हवेत असतात, हे माहीत असलेल्या मुलाला निदान खिडकी कधी लावायची आणि खळ्यावर कधी जायचं नाही, हे ठरवता येतं. गवतांचा बहर पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. रब्बीच्या ज्वारीची मळणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. आज शहराची हवा रोज मोजली जाते, तिचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो. तो आठ प्रदूषकांवरून काढतात: धुळीचे दोन प्रकार, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया आणि शिसं. परागकण आणि बीजाणू त्यात धरलेले नाहीत.